ह्यांनी गाडीला कॅमेरा बसवला

प्रिय वन्सं,

वन्सं म्हणायचं आणि वर अगंतुगंही करायचं, ही जगावेगळी रीत तूच पाडलीस, तेव्हा आता नाक मुरडू नकोस. फोन हाताशी असताना वहिनीला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. आली खरी. सुया टोचून टोचून हात जरा कडक झालाय, म्हणून अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे. माझं आहे तसंच चाललंय. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाते, मशीनला जोडून घेते, रक्त धुऊन घेते आणि घरी येऊन चिंधीसारखी पडते. जरा माणसात येते न येते तोच पुन्हा जायची वेळ. हॉस्पिटल घरापासून किती लांब आहे ते तू पाहिलंयस. तिकडे थेट बस नाही. टॅक्सीवाला दोनदा गोड बोलून येतो आणि तिसऱ्यांदा फोन उचलत नाही. शेजारच्यांनी दोनचारदा नेलं, पण त्यांनाही नोकऱ्या आहेत. तेव्हा आपली ती जुनी गाडी आणि तुझा दादा, ह्याच माझ्या दोन किडन्या समज. एक जरी बसली तरी माझा कारभार आटोपला.

आता मुख्य बातमी. तुझ्या दादाने गाडीला मागचा कॅमेरा बसवलाय! स्वतःच्या हाताने, बरं का. झालं असं की गाडी मागे घेताना त्यांनी आधी फाटकाच्या खांबाला नेऊन घासली. खांब तिथेच आहे, आपण ह्या घरात आलो तेव्हापासून. मग शेजारणीची फुलांची कुंडी गेली. मग पुन्हा खांब, आणि ह्या खेपेला मागचा दिवाच फुटला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ह्या गाडीची मागची काच मुळातच लहान आहे, बनवणाऱ्याला अक्कल नव्हती. इतकी वर्षं त्याच काचेतून मागे बघितलं, तेव्हा त्याला अक्कल होती वाटतं! आणि मग एक खोकं घरी आलं. त्यात बोटाच्या पेराएवढा कॅमेरा, पाकिटाएवढा पडदा आणि सापासारखी लांबलचक वायर. मागचा गिअर टाकला की मागचं सगळं पुढे पडद्यावर दिसणार, अशी ती सोय. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, गाडी सकाळी ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा. झालं! ह्यांचं टाळकंच फिरलं. जन्मभर टेलिफोनच्या केबली जोडल्या, एकेका केबलीत शेकडो वायरी, आणि आता दोन वायरी जोडायला मी त्या पोराच्या हातापाया पडू का, म्हणाले.

तुला तर माहीतच आहे, तुझा दादा केबल जोडायचा तेव्हा लोक बघत उभे राहायचे. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून, मान वर न करता, निळीला पांढरी, नारिंगीला पांढरी, हात नुसते चालत असायचे. तर मशीनचा दिवस नाही असं बघून ह्यांनी सकाळीच गाडी अंगणात घेतली, माझी खुर्ची शेजारी मांडली आणि हत्यारांची पेटी माझ्या मांडीवर दिली. डिकीच्या आतलं अस्तर उघडलं, नंबरपट्टीच्या वर भोक पाडलं, कॅमेरा स्क्रूने आवळला. इथवर सगळं झोकात. मग मागच्या दिव्याच्या वायरींचा जुडगा बाहेर ओढला, माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ह्यातली लाल कुठली गं?

मला आधी वाटलं, मला कामात घ्यायला विचारतायत. आजारी बायकोचं मन रमवतायत. मीही मग रंगात आले. अख्खं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेलं माझं, मला नुसतं लाल आणि तपकिरी कुठे म्हणता येतं! मी म्हटलं, ही डाळिंबी, ही शेवाळी, ही विटकरी आणि ही मळकी मोतिया. हे वैतागले. मी काय साडी घ्यायला आलोय का, म्हणाले. मग स्वतःच अंदाज बांधून त्यांनी विटकरीला जोड दिला. पडदा पुढे काचेखाली चिकटवला, वायर गालिच्याखालून सरकवत नेली, फ्यूजच्या डबीत खोचली. गाडी चालू करून मागचा गिअर टाकला, तर पडदा ढिम्म. वैतागून पुढचे दिवे लावून बघितले, तर पडदा झक्क पेटला! म्हणजे जोड गेला होता साध्या टेल लाइटच्या वायरीला. मी पोट धरून हसले, अगं, किती दिवसांनी. हे मात्र हसले नाहीत. उजेड कमी आहे, त्यात दिसत नाही नीट, एवढंच पुटपुटले. ऊन डोक्यावर तापलं होतं, वन्सं. माझ्या खुर्चीचा दांडा हाताला चटके देत होता.

मग मी हसू आवरून बघायला लागले. स्क्रू खाली पडला की ते शोधत नव्हते, फरशीवर तळवा फिरवत होते. वायरीचं टोक सोलताना डोळ्यांशी नेत नव्हते, बोटाने चाचपत होते. मी एकेक वायर हातात देत गेले, ही घ्या, ही धरा, आणि मुद्दाम साधे रंग सांगितले. ह्या वेळी डाळिंबीला निमूट लाल म्हटलं. जोड बरोबर बसला. त्या हातांचं कसब अजून तसंच आहे. पीळ असा घट्ट आणि सुबक की बघत राहावं.

आता आपल्या घरची खोड तुला सांगायला नको. नवीन वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये, गाद्या प्लॅस्टिकमध्ये, ह्याच गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक तर फाटून लोंबेपर्यंत ठेवलं होतं, आणि तू त्यावर बसलीस की मुद्दाम कर्रकर्र आवाज करायचीस. तर कॅमेऱ्याच्या भिंगावर एक निळी, आरपार न दिसणारी प्लॅस्टिकची चकती होती. भोक पाडताना कचरा उडेल म्हणून मीच ती राहू द्या म्हटलं होतं, आणि मग दोघंही विसरलो. सगळं झाल्यावर हे रुबाबात चालकाच्या जागी बसले आणि मला म्हणाले, जरा मागे उभी राहा बघू. मी भिंत धरून धरून मागे गेले आणि हात हलवला. आतून ओरडले, दिसतेस, दिसतेस! अगदी आरशासारखं स्वच्छ! तो हिरवा झगा तुला शोभून दिसतोय! खूश झाले होते गं. आवाजच सांगत होता. मी हसत खाली बघितलं, आणि भिंगावर ती निळी चकती तशीच होती.

मग नखाने ती चकती सोलली, खिशात टाकली आणि पुढे जाऊन बघितलं. आता पडद्यावर खरोखरच खांब दिसत होता, फाटक दिसत होतं, शेजारणीची उरलेली कुंडी दिसत होती. मी विचारलं, आता कसं दिसतंय? म्हणाले, मघासारखंच, उत्तम. आणि पडद्याकडे बघत होते ते मान वाकडी करून, एका बाजूने, कोंबडी बघते तसे. अलीकडे माझ्याकडेही असेच बघतात. मला वाटायचं, लाडात येऊन बघतायत. पेल्याच्या शेजारी पाणी ओततात, ते मी घाईवर ढकललं होतं. मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले होते. काय म्हणाला विचारलं, तर वय झालं म्हणाला, एवढंच सांगितलं. आता कळतंय मला. कडेकडेचं दिसतं त्यांना. बरोबर मधलं, जिथे बघायचं असतं तेच नाही दिसत.

मी शाबास म्हटलं आणि आत येऊन पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे हे नेहमीसारखे गाडी पुसून तयार, आणि मी जाऊन शेजारी बसले. तू तीस वर्षं शाळेची बस चालवलीस, तुला हे वाचून माझा राग येईल. येऊ दे. मला स्वतःचा येतो. पण मला जायचं होतं ना. तेव्हापासून मी रस्ताभर बडबडत असते. पुढे तांबडा लागलाय हं, किती वेळ घेतो हा सिग्नल. हा ट्रकवाला बघा कसा मध्येच थांबलाय. आता सुटला बाई हिरवा. जशी काही मला गप्पांची हौसच. तेही हूं हूं करतात आणि मी म्हणेन तिथे ब्रेक मारतात. आम्ही दोघांनी ह्यावर एक अक्षर काढलेलं नाही. मागच्या आठवड्यात शाळेपाशी एक आई बाळाची गाडी ढकलत रस्त्यात उतरली. मी जीव खाऊन ओरडले. गाडी थांबली, पण त्या बाईच्या डोळ्यांतली भीती मला दिसेल इतक्या जवळ थांबली. तिने बोनेटवर हात आपटला, वाट्टेल ते बोलली. हे मला विचारत होते, कोण होतं गं? मी म्हटलं, कोणी नाही, कुत्रं आडवं आलं. तिचा शब्दन् शब्द त्यांनी ऐकला होता, तरी हूं म्हणाले.

जातानाचं एक वेळ निभतं. येताना माझ्यात जीव नसतो. डोळे मिटू द्यायचे नाहीत म्हणून स्वतःला चिमटे काढते, खिडकी उघडून वारं घेते. परवा मात्र नाहीच जमलं. हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडलेलं आठवतं, पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. चारी इंडिकेटर टिकटिकत होते आणि शेजारून गाड्या भणाणत जात होत्या. निघालो तेव्हा टळटळीत ऊन होतं, आता झाडांच्या सावल्या पार पलीकडच्या कडेपर्यंत गेल्या होत्या. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसले होते. पाण्याची बाटली पायाशी पडलेली, तीही उचलली नव्हती. मी विचारलं, का थांबलात हो? म्हणाले, तू झोपली होतीस, धक्क्यांनी मोडली असती झोप. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ सुकले होते. घाबरला होता गं तुझा दादा. मी मिठीबिठी काही मारली नाही, रडलेही नाही. सरळ बसले, केस मागे सारले आणि म्हटलं, चला, रस्ता मोकळा आहे. त्यांनी गिअर टाकला.

आता तुला पत्र का, ते सांगते. हे इथेच बसलेत, टेबलाच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर. कान अजून तिखट आहेत त्यांचे, फोनवर मी कुजबुजले तरी ऐकतील. कागदावरचं मात्र त्यांच्या नाकासमोर लिहू शकते, आणि हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. त्यांना गाडी चालवू नका, असं मी सांगू शकत नाही. कितीदा तोंडाशी आलं. पण मी नेऊ नका म्हटलं की त्यांना ऐकू येईल, मला जगायचं नाही. आणि ते जगतायत ते मला नेण्यासाठी. आम्हाला मूलबाळ नाही, तुझ्याशिवाय मी कोणाच्या दारात जाऊ? ह्या पत्राला उत्तर लिहू नकोस. सरळ दादाला फोन कर. म्हण, बसची नोकरी सुटल्यापासून मला घर खायला उठतंय, हाताला चाक नाही तर झोप येत नाही, काही दिवस येते आणि वहिनीला मीच नेत जाते. तुला गाडी त्यानेच शिकवलीय, तुझ्या हातात किल्ली देताना त्याचा मान जाणार नाही. काही दिवस म्हणजे किती, ते मला ठाऊक नाही. तुझी नातवंडं आहेत, तुझे गुडघे आहेत, सगळं कळतं मला. नाही जमणार तर तसा निरोप दे, मी मनात काही धरणार नाही. मग पुढच्या खेपेला मी दारातच बसेन आणि कंटाळा आलाय, येत नाही म्हणून सांगेन. दर खेपेला तेच सांगेन. मी गेले नाही की तेही गाडी काढणार नाहीत, आणि त्या रस्त्यावरची लेकरं तरी सुखरूप राहतील. ह्याहून दुसरं मला काही सुचत नाही. पण मला जायचंय गं. इतकं सगळं होऊनही मला अजून जायचंय.

तुझीच,
वहिनी