वाऱ्याची जबाबदारी माझी

९ नोव्हेंबर
नवी वही. हेडमास्तरांकडून मागून आणली. काका जाऊन दोन वर्षं झाली. पाऊसवाऱ्याचा दगड मला देऊन गेले, पण कोणता पाला कधी चोळायचा एवढंच सांगितलं आणि डोळे मिटले. बाकी सगळं मला स्वतःच्या डोक्याने बसवावं लागतंय. म्हणून ही नोंद. काम गुप्त आहे, वही कुणाला दाखवायची नाही. एलिसीला तर नाहीच. बायको असली म्हणून काय झालं.

आज मुखियाच्या, म्हणजे यापुतच्या, नातीचं लग्न. पाऊस थांबवायचं माझ्याकडे होतं. थांबवला. सकाळी सहा ते सात पडला, पण तेव्हा लग्न सुरू झालं नव्हतं. दुपारी साडेतीनला पडला, पण तेव्हा जेवणं उरकली होती. मधला सगळा वेळ कोरडा. संध्याकाळी वडाखाली कावा, म्हणजे मुळीचं गुंगीचं पेय, प्यायला बसलो तेव्हा यापुतने मानाची पहिली करवंटी माझ्या हातात दिली. सगळ्यांनी पाहिलं.

२१ नोव्हेंबर
चार दिवस उत्तरेचा वारा. यासूर ज्वालामुखीची सगळी राख आपल्या गावावर. केळीची पानं काळी, टाकीतलं पाणी आंबट, पोरं डोळे चोळतायत. नेतीक आत्याने येताजाताना अडवलं. आत्याचे खुबे गेलेत, दिवसभर मुलाच्या दारात बसून असते आणि गावाचा हिशोब ठेवते. म्हणाली, "कापालू, भाजी धुऊन धुऊन सुनेची बोटं झिजली, तरी दाताखाली कचकच होतेच. तुझ्या दगडाला विचार, त्याला दात आहेत का?"
बोलण्याची पद्धत चुकीची होती. पण वडिलांची बहीण. सोडून दिलं. काम सुरू केलं.

२६ नोव्हेंबर
वारा फिरला! आग्नेयेकडून स्वच्छ, गार. राख समुद्रावर. काम सुरू केल्यापासून अवघ्या पाच दिवसांत.
एलिसी म्हणाली, आग्नेयेचा वारा तर वर्षाचे नऊ महिने असतोच. तिला शास्त्र कळत नाही.
आत्याने कोंबडा पाठवला. म्हातारा होता, पण भावना महत्त्वाची.

३ डिसेंबर
वडाखाली सभा. यापुत म्हणाला, यंदा लक्षणं बरी नाहीत. आंब्याला पानं कमी आणि फळं जास्त. गांधीलमाश्यांनी पोळी गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलीत. म्हणजे मोठं वादळ. आणि गावाचं वादळघर तर कुजलंय, नुसता सांगाडा. नवं बांधायला हवं. जमिनीला टेकलेलं छप्पर, जाड मेढी, दुहेरी शाकारणी, पूर्वी असायचं तसं.
अडचण माणसांची. धडधाकट अकरा पुरुष न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेत. आत्याचा मुलगा नौआरही त्यांच्यातच. उरले यापुत, लंगडा तोम, तीन म्हातारे, हेडमास्तर. आणि मी.
यापुतने एकेकाकडे पाहत कामं वाटली. माझ्यावर आला तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लाकडाचं तुम्ही बघा. वाऱ्याची जबाबदारी माझी."
यापुत लगेच पुढच्या माणसाकडे वळला. तोम खोकला. एवढा आदर मी काकांच्या वेळीही पाहिला नव्हता.

४ डिसेंबर
नियम लिहून काढले. दगड चालू असताना:
कुऱ्हाडीला हात नाही. डोक्यावर, खांद्यावर ओझं नाही. बायकोच्या हातचं लापलाप (पानात भाजलेला किसलेला कंद) नाही. वेगळ्या झोपडीत निजायचं. दुपारी मन स्थिर ठेवायचं (आडवं होऊन).
कावा पिण्याबद्दल काका काही बोलले नव्हते, म्हणजे चालतो.
हे एप्रिलपर्यंत, वादळांचे दिवस सरेपर्यंत. कठीण आहे, पण गावासाठी कुणीतरी करायलाच हवं.

८ डिसेंबर
कुऱ्हाडींचा आवाज फार. मन स्थिर होत नाही. जरा लांब तोडा म्हणून निरोप पाठवला.
नौआरची बायको मेरियान मेढी ओढत झोपडीवरून चालली होती. पाठीवर पोर. विचारलं, "दादा, दुसरं टोक धराल का? उतारापर्यंतच." मी तिला नीट समजावलं की माझा हात लाकडाला लागला तर वारा त्याच लाकडातून आत शिरेल. ती "बरं" म्हणाली. समजूतदार आहे. एलिसी आली, तिने टोक धरलं.

१७ डिसेंबर
भाजलेलं कोनफळ रोज रोज जात नाही. डब्यातला मासा खाल्ला. नियम बायकोच्या हातच्या लापलापचा आहे, कारखान्यातला मासा त्यात येत नाही. दोन डबे.

२५ डिसेंबर
पाऊस. नाताळला पडू दिला.

११ जानेवारी
मोठा दिवस. रेडिओवर सांगितलं, पश्चिमेला कमी दाबाचा पट्टा, आपल्याकडे येणार. तीन दिवस काम केलं. आज बातमी, तो उत्तरेच्या बेटांवरून निघून गेला! वळला तेव्हा माझा डोळा लागला होता, पण पाला आधीच चोळून ठेवला होता.
संध्याकाळी वडाखाली जाऊन सांगितलं. हेडमास्तर म्हणाला, तिकडच्या लोकांचं काय? मी म्हटलं, त्यांचा दगड त्यांनी सांभाळावा. पहिली करवंटी आज यापुतने स्वतःच प्यायली. घसा दुखत असेल.

२ फेब्रुवारी
वादळघराच्या मेढी उभ्या आहेत, वासे बसले, मागची अर्धी बाजू शाकारून झाली. पुढची उघडी. तोम वरून पडला, मनगट गेलं. यापुतचे गुडघे सुजलेत. बायका गवत कापून आणतात, पण आढ्यावर चढून बांधायला माणूस नाही. यापुत झोपडीपाशी आला. म्हणाला, "दोन हातांचं चार दिवसांचं काम उरलंय, कापालू." मी म्हणालो, "हे चार दिवस मी दगड सोडला आणि नेमका तेव्हाच वारा आला तर?" त्याला पटलं. सुजलेले गुडघे चोळले आणि गेला.

४ फेब्रुवारी
आज आत्या आली. चालत! काठी आणि मेरियानचा खांदा. दारात टेकली, दम खाल्ला आणि तोंड सोडलं. लहानपणापासूनचं सगळं काढलं. म्हणाली, "तुला कोनफळाचा वाफा खणायला पाठवला की तुझं पोट दुखायचं. आता पोट सुधारलं, तर दगड दुखायला लागला!" मेरियान हसली. मी हसलो नाही.
जाताना आत्या हळू म्हणाली, "ये रे दोन दिवस. मला भीती वाटते यंदा."
वाईट वाटलं. तिच्यासाठी आज जास्तीचा पाला चोळला.

२३ फेब्रुवारी
समुद्रावरचे मोठे काळे पक्षी डोंगराच्या आतल्या बाजूला आलेत. एलिसी न सांगता साबुकंदाचे दांडे गुडघ्याच्या उंचीवर छाटत होती, केळीची पानं उतरवत होती. वादळ येणार असं धरून चालली आहे. माझ्याच बागेत! गावात काय तोंड दाखवू? तिला बजावलं. तिने ऐकून घेतलं आणि छाटत राहिली.
ठरवलं: पुढच्या सोमवारी वादळघराकडे एक चक्कर मारायची. नुसती बघायला.

२ मार्च
सोमवार. पाऊस होता. गेलो नाही.

११ मार्च
सकाळी ७. वादळाचा निळा इशारा काल होता, आज पिवळा. हेडमास्तर फोन घेऊन घरोघर फिरतोय. मी शांत. काम चालू.

११.००. लाल. हवा चिकट, पक्षी एक नाही. समुद्र खडकांच्या बाहेर गरजतोय, इथवर ऐकू येतो. दगडाला पाचही पाले चोळले. काका म्हणायचे चार. एक जादाच बरा.

दुपारी १.३०. वारा आग्नेयेचाच आहे. म्हणजे नेहमीचाच. फक्त जोरात.

२.४०. झोपडीचं छप्पर हललं. एलिसी हाक मारून गेली. मी म्हटलं, जागा सोडता येत नाही.

३.१०. जागा सोडली. छप्पर गेलं.

४.१५. वादळघरात, पेन्सिलने. मागच्या अर्ध्या भागात एक्केचाळीस माणसं. वीसच मावतील एवढी जागा. पुढच्या भागातून पाऊस आडवा येतोय, तिथे उभंही राहवत नाही. मी आलो तेव्हा दारातच अडलो. आत्या दाराशीच बसली होती. म्हणाली, "ये, कापालू, बस इथे. मला वाकून बसवत नाही, खुबे ठणकतात." मेरियानने पोर एलिसीकडे दिलं, आत्याला पाठीवर घेतलं आणि रांगत आपल्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तिथली एक भिंत दगडी आहे. आत्याने तिला पोरासाठी परत पाठवलं.
आत्याला गर्दी पहिल्यापासून आवडत नाही.
मी बसलो. दगडाचा माणूस जगणं गावासाठी गरजेचं आहे.

१४ मार्च
वही भिजली, वाळवली. गावातून आता समुद्र दिसतो. कधी दिसत नव्हता. मध्ये एक पान उरलेलं नाही, सगळं आग लागून गेल्यासारखं तपकिरी. अर्धा वड आडवा. नीरफणस, केळी, नारळ, सगळं गेलं. आमच्या बागेत एलिसीने छाटलेल्या साबुकंदांची मुळं जमिनीत शाबूत आहेत, तीच ती सगळ्यांना वाटून देतेय.
आत्या गेली. दगडी भिंत उभी होती. तुळई पडली.
मी तिला उचलायला गेलो. किती हलकी होती. मला रडू आलं, मी रडलो.

१६ मार्च
काल आत्याला पुरलं. रात्रभर विचार केला. दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. वाऱ्याची जबाबदारी मी घेतली होती. पाचवा पाला चुकला असणार, चारच हवे होते. माझ्या दगडाने आत्याला मारलं. रिवाजाप्रमाणे भरपाई द्यायची. मोठं डुक्कर वाचलंय, तेच. सोबत कावा करतात ती मुळी. सगळ्या गावासमोर मान खाली घालून कबूल करायचं. भाषण तयार केलं. लोक चिडतील, कदाचित मारतील. मारू देत.

१७ मार्च
डुक्कर बांधून मेरियानच्या अंगणात नेलं. यापुत, तोम, हेडमास्तर, बायका, सगळे होते. भाषण केलं. वाऱ्याचा गुन्हेगार मी, असं म्हणालो. 
कुणी चिडलं नाही. एकमेकांकडे बघत राहिले, वेड्याला काय सांगायचं तसे.
शेवटी मेरियान म्हणाली, "दादा, दगडावर कुणी भिस्त ठेवलीच नव्हती."
मी यापुतकडे पाहिलं. म्हटलं, "आणि पहिली करवंटी?"
तो म्हणाला, "म्हटलं मान दिला की कामाला येशील." मग म्हणाला, "तुझ्या काकाचा दगडही कधी चालायचा, कधी नाही. पण दगडाचं उरकून सकाळी कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या आधी तोच यायचा. जुनं वादळघर त्यानेच शाकारलेलं."
मी म्हणालो, कुऱ्हाडीला हात लावायचा नाही असा नियम आहे. यापुतने विचारलं, कुणाचा?
डुक्कर मेरियानने घेतलं नाही. म्हणाली, "घेतलं तर तुमच्या वाऱ्याने मारलं असं होईल. तसं नाहीये ते. डुक्कर घरी न्या. मला एकच हवंय. टॉवर लागला की नौआरचा फोन येईल. त्याला तुम्ही सांगा. मला नाही सांगवत."

२० मार्च
दुपारी टॉवर लागला. फोन मेरियानने माझ्या हातात दिला आणि पोराला घेऊन बाहेर गेली.
नौआरला सांगितलं. तो रडला. मागे बाकीच्या पोरांचा आवाज होता, सफरचंदांच्या बागेत असतील. मग त्याने विचारलं, आई वादळघरात का नव्हती? म्हणालो, जागा कमी पडली. का कमी पडली? म्हणालो, पुढची बाजू शाकारायची राहिली होती. का राहिली? म्हणालो, माणसं नव्हती, तुम्ही सगळे तिकडे.
तो म्हणाला, "दादा, चढून बांधेल असा एकही माणूस गावात नव्हता का?"
दगडाबद्दल सांगायला तोंड उघडलं. मग म्हणालो, "मी होतो."