कोकिळाच्या वाटणीचं तूप

१० जानेवारी, सकाळ
नात दिपमालाची सायन्सची टेस्ट. तिला विचारून विचारून माझंच पाठ झालं. वितळणं, गोठणं हा भौतिक बदल, वस्तू तीच राहते, परत पहिल्यासारखी होते. जळणं, नासणं रासायनिक. गेलं ते गेलं.
थंडीनं डब्यातलं तूप दगड झालंय. लेकीच्या वाटणीचं. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला आली तेव्हा, कोकिळा ते इथंच टाकून तरातरा भुसावळला निघून गेली. तिचंही तूपच झालंय. गोठलीय. ऊन लागलं की येईल.
चौथीत शाळा सुटली माझी, तरी एवढं कळतं.

२ फेब्रुवारी
कोकिळाला फोन. लागत नाही. एवढं मोठं जंक्शन अन् नेटवर्क नाही!
मी एवढंच म्हटलं होतं, डॉक्टरला दाखव. लग्नाला नऊ वर्षं झाली. आईनं नाही बोलायचं तर कोणी?

१४ मार्च
दिपमालाच्या फोनवरून लागला. आजी बोलतेय म्हटल्याबरोबर कट. चार्जिंग संपलं असणार.
ठरवलं. आखाजीला आली की तोंडाला कुलूप. डॉक्टर नाही. 'भाकड गाईला कडबा कोण घालतं' हे तर मुळीच नाही. मागच्या वेळी ते सहज निघालं. आखाजीच्या झोक्याजवळ बाया होत्या, म्हणून तिला जास्त लागलं. चूक बायांची.

२० एप्रिल
त्रेचाळीस डिग्री. तूप आपोआप पातळ! म्हटलंच होतं.
निंबाला झोका बांधून घेतला. सांजोऱ्या तळल्या. कोकिळाला कडक आवडतात.

३० एप्रिल, आखाजी, दुपार
कोकिळा धुळ्यात आली. आमच्याच गल्लीत. माझ्या जावेकडे, झुंबरबाईकडे उतरलीय. झोक्यावर गाणं म्हणतेय, इथपर्यंत ऐकू येतं. आमच्या झोक्यावर कावळा.
दिपमालाला तुपाचा डबा देऊन पाठवलं. म्हटलं, सांग आत्याला, आजी आता रागावलेली नाही.

संध्याकाळी
डबा परत. आत्यानं झाकण उघडून वास घेतला म्हणे. म्हणाली, खवट व्हई गयं. मायले सांग, राहू दे.
मी म्हटलं, पातळ झालं होतं ना? मग? दिपमाला म्हणते, आजी, वितळणं भौतिक, खवट होणं रासायनिक. एकाच डब्यात दोन्ही होतं.
पोरीला शाळा जास्त झाली.

१ मे
कोकिळा सकाळच्या गाडीनं गेली. आमच्या दारावरूनच गेली म्हणे. मी तेव्हा झोका सोडत होते.
खवट तूप दिव्याला चालतं.