खिडकी उघडी ठेवूनही

३ मार्च
मुलगा आज महिन्यानं नोकरीच्या गावाहून उगवला. दारातूनच नाक दाबून म्हणाला, "आई, किती वास येतोय गं! रविवारपर्यंत गेला नाही, तर बाबांना संस्थेत ठेवू."
संस्थेत! बाप आहे की मोडकं कपाट? सहा महिने म्हातारा अंथरुणाला खिळलाय, वाचा गेलीय, पण पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. आणि हा नाकानं कांदे सोलतोय!

४ मार्च
गादी उन्हात टाकली. फरशी फिनेलनं पुसली. खिडकी नि समोरचं दार उघडं – वारा आरपार. खिडकीची कडी अडते. आधी वर उचलून मग फिरवायची. घरात मला एकटीलाच जमतं.
वास तसाच. बेडपॅनचा नाही, तो मी ओळखते. हा गोडसर – फुलदाणीतलं पाणी कुजावं तसा.

५ मार्च
कॉटखाली कोळशाची पाटी ठेवली. उपयोग शून्य.
मी जवळ गेले की म्हातारा तोंड फिरवतो, खिडकीकडे. म्हटलं, "अहो, उघडीच आहे! आता काय भिंत पाडू?"
चालता हात एकच. त्यानं माझं मनगट धरलं. सोडेना.

६ मार्च
मी औषधं आणायला गेले तेव्हा नर्सबाई येऊन गेल्या. सून सांगते, "त्या म्हणाल्या, खोली किती छान ठेवलीय, वास मुळीच नाही!"
खोटं! मी आत पाऊल टाकलं, तर होताच.

७ मार्च
पडदे धुतले. भिंती पुसल्या. स्वतः साबणाची अख्खी वडी झिजवली. हटत नाही मेला.

८ मार्च, रविवार
मुलगा यायच्या आधीच बाहेर पडले. त्याचं तोंड बघायचं नव्हतं. परतले तर म्हाताऱ्यापाशी बसून हसतोय! "गेला की गं वास! बाबा राहू देत इथेच."
जिंकले!
मग त्यानं मला जवळ घेतलं. आणि श्वास रोखला.
अंगणात जाऊन उभी राहिले. भर दुपार, मोकळा वारा, ना गादी ना भिंती. तिथंही तोच – गोडसर.

९ मार्च
सुनेला खिडकीची कडी शिकवली. म्हणाली, "तुम्ही आहात ना!" म्हटलं, गप्प शीक.
तिसऱ्या खेपेला जमलं तिला.