खंडेनवमीला पुजलेलं पेडल

रावेत,
दसऱ्यानंतरचा मंगळवार

प्रीतमदादास तनुजाचा नमस्कार.

राजगुरुनगरला सगळे बरे असतील असं धरून चालते. सगुणाकाकूंचा गुडघा आता किती वाकतो ते कळव ("बरा आहे" हे उत्तर मोजमापात बसत नाही). वहिनींना नमस्कार. चार वर्षांपूर्वी, लग्नाच्या गडबडीत तू आमच्याकडे ठेवून गेलेला बास गिटार न्यायला येत्या रविवारी टेम्पो पाठवतोस, हा निरोप मिळाला. टेम्पो येण्याआधी त्या बासचं इकडे काय काय झालं याची माहिती तुला असावी, म्हणून लिहिते.

आमच्या चाकणच्या कंपनीत खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली की कामगारांचा ऑर्केस्ट्रा होतो. यंदा त्यात बास माझ्याकडे होता. गिटारवर पेंट शॉपमधले जयसिंगभाऊ. त्यांना प्रत्येक गाण्यात ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, लागतो (आरतीतसुद्धा). गिटारला तो शोभतो. बासला दिला की खालचा जाड आवाज निघून जातो आणि उरतो पत्र्याच्या डब्यात अडकलेला भुंगा. त्यावर उपाय असा, की सिग्नल दोन वाटांनी न्यायचा, एक वाट स्वच्छ ठेवायची, दुसरी फाटू द्यायची आणि शेवटी एका बटणाने दोन्ही हव्या तेवढ्या मिसळायच्या. असं पेडल, म्हणजे पायाने दाबायच्या बटणाचा पत्र्याचा डबा, मी घरी बनवलं. आईला समजावलं, की वरण साधं ठेवायचं, फोडणी वेगळी करायची आणि ताटात एकत्र करायचं. तिने विचारलं, मग पातेल्यातच फोडणी देतात त्यांचं काय चुकतं.

पहिल्या तालमीला पेडल फसलं. बटण एका टोकाला असताना आवाज उत्तम, दुसऱ्या टोकालाही उत्तम, आणि बरोबर मध्ये आणलं की बास गायब. जयसिंगभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमच्या डब्याने बास खाल्ला राव." तेव्हापासून कँटीनमध्ये मला पाहिलं की कुणीतरी डबा झाकून घ्यायचं. साहेबांची परवानगी काढून तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत टेस्ट लॅबमधल्या, आवाजाची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही वाटा शेजारी शेजारी पाहिल्या. फाटवणारी वाट लाट उलटी करत होती. एक वर जाताना दुसरी खाली, आणि बेरीज जवळपास शून्य. फाटवणाऱ्या वाटेवर आणखी एकदा उलटं करणारी एक पायरी जोडली आणि दोन्ही लाटा एकत्र चालू लागल्या. हे मला कुणी सांगितलेलं नाही. एवढंच नोंदवते.

खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून आले, तर आईने विळी, कात्री, बाबांचे पाने, स्क्रूड्रायव्हर, माझं सोल्डरिंग आयर्न आणि पेडल असं सगळं पाटावर मांडून पुजलं होतं. बंद डब्याला कुंकू लावलं तर आतल्याला काय कळणार, म्हणून पेडलचे चार स्क्रू काढून आतल्या सर्किटवर पाण्यात कालवलेलं हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही."

कार्यक्रम अकराला होता. मी विचारलं, झाकण कशाने उघडलंस. ती म्हणाली, या स्क्रूड्रायव्हरने. मी विचारलं, तो पुजण्याआधी की नंतर. आईने पेडल माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "ने. पण फूल काढू नकोस."

(फूल काढलं. स्पिरिट आणि जुन्या ब्रशने कुंकू पुसलं, वाजवून पाहिलं, झाकण लावलं.)

कार्यक्रमात तासभरात बास एकदाही थांबला नाही. शेवटी जयसिंगभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "आज मॅडमचा ओव्हरड्राइव्ह असला लागलाय, छातीत धडधडलं." डबा झाकणारे टाळ्या वाजवत होते. मी मान हलवली.

पत्र लांबलं. काकूंना औषध वेळेवर द्या.

तुझी बहीण,
तनुजा

ता. क. : एक दुरुस्ती. सर्किटमधल्या एका चिपच्या पायाशी ओलं कुंकू राहिलं होतं. पहिल्याच गाण्यात फाटवणारी वाट बंद पडली, ती शेवटपर्यंत. लोकांनी तासभर ऐकला तो फक्त तुझ्या बासचा स्वच्छ आवाज. स्वच्छ वाट वेगळी ठेवली होती म्हणून तो बंद पडला नाही, एवढं मात्र माझं. जयसिंगभाऊंना सांगितलेलं नाही.

ता. क. २ : टेम्पोवाल्याला रविवारी आमचा पत्ता सापडणं अवघड आहे. रस्ता खोदलाय.

ता. क. ३ : आईने पत्र वाचलं. रस्ता खोदलेला नाही, असं लिहायला सांगते. आणि म्हणते, चार पानं विज्ञान लिहिण्यापेक्षा काय हवंय ते एका ओळीत लिही. दादा, बास मला दे.