झोपवून टाकू

२६ नोव्हेंबर १९८२, तुमसर

रॉबिनला दवाखान्यात नेऊन आणलं. म्हातारा झाल्यापासून दर दोन महिन्यांनी नेते. कोपऱ्यावरच्या शेवंताबाईंनी आजही हटकलं, "काय झालं वो त्याले?"

"काही नाही. नुसतं तपासायला."

"काही नाही झालं तं कायले नेऊन राहिल्या? माह्या म्हाताऱ्याले तं झालं तरी कोनी नेत नाही!" आणि स्वतःच हसत सुटल्या.

ढोरांच्या दवाखान्यात आमच्यापुढे एक म्हैस आणि दोन बकऱ्या. रॉ. शेपूट आवरून शहाण्यासारखा बसून होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती जरा जास्तच वेळ. डोळ्यांतली निळसर झाक वाढली आहे. वरची दाढ किडली, डोळ्याखाली थोडी सूज. "पुढच्या वेळी पाहू," म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, माझ्यामागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघून.

हे आज आपणहून बरोबर आले. एरवी कधी येत नाहीत.

२८ नोव्हें.

दिवाळीपासून घरात एकच विषय. शरद पुण्याला परत निघताना म्हणाला, "आता तिकडेच या दोघं." सूनबाई लगेच, "फक्त आमच्या सोसायटीत कुत्रं चालत नाही हो, आई." गोड आवाजात. तेव्हा हे मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "येतो रे. इथून एकदा मोकळं झालो म्हणजे येतो."

कशातून मोकळं? राईस मिलची नोकरी संपून किती काळ झाला. शेती नाही. घर भाड्याचं. आम्हाला इथे अडकवून ठेवणारं एकच आहे, आणि ते आत्ता माझ्या पायाशी घोरतं आहे.

लिहायला नको होतं. पण लिहिलं.

२ डिसेंबर

रॉ.चं वजन करायला मिलवर नेलं. तिथल्या काट्यावर पोत्यांसारखा निमूट उभा राहतो. मागच्यापेक्षा बरंच कमी भरलं. धानाचं पोतं महिनाभर पडून हलकं झालं की जे म्हणतात तेच हमाल म्हणाला, "बाई, माल वाळला." सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

घरी ह्यांना सांगितलं. "वय झालं त्याचं. आपलंही झालं." पेपर खाली न ठेवता.

७ डिसें.

बाजारात दवाखान्यातले कंपाउंडर शामराव भेटले. वांगी निवडता निवडता म्हणाले, "बाई, रॉबिनले आना ना लवकर. झोपवून टाकू त्याले. डाक्तरसायबाचं तुमच्या सायबासंग बोलनं झालं."

"कधी झालं?"

"परवाच्या दिवशी आलते ना सायब. एकलेच."

मग वांग्यांकडे वळून भाजीवालीशी घासाघीस करू लागले. मी काही न घेता घरी आले. परवा हे "पोस्टात जाऊन येतो" म्हणून गेले होते.

८ डिसें.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मदरचा एक म्हातारा स्पॅनियल होता. एका सकाळी प्रार्थनेनंतर सिस्टरने सांगितलं, ही वॉज पुट टु स्लीप, त्याला झोपवलं. आम्ही लहान मुली. त्या व्हरांड्यातून बूट हातात घेऊन चालायचो, त्याची झोप मोडू नये म्हणून. सिस्टर कौतुक करायची, किती शांत मुली. शेवटी माळ्याला आमची दया आली आणि त्याने खरं ते सांगितलं, सुई देऊन मारलं होतं त्याला. फरशीचा तो गारवा अजून तळव्यांना आठवतो.

आता फसणार नाही मी त्या शब्दाला.

ह्यांना अजून विचारलं नाही. विचारलं तर खरं सांगतील, त्याचीच भीती. संध्याकाळी दारातून पाहिलं, हे रॉ.च्या अंगावर पोतं घालत होते, कान झाकून, नीट. थंडी पडली आहे म्हणून? की

१२ डिसें.

आज रॉ.ला दवाखान्यात ने, असं ह्यांनी सकाळीच सांगितलं होतं. देवळाला चक्कर मारून परत आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बंद होता दवाखाना."

"बंद? काहून?"

"मला काय माहीत."

बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मीही पाहिलं. पोस्टात गेलेला माणूस आणि बंद दवाखाना. रॉ. मऊ भात एकाच बाजूने चघळतो, तोही अर्धा टाकतो. हळदीचा लेप लावला.

१५ डिसें.

सकाळी सूज फुटली. पू आणि रक्त. हे बाहेर गेले होते. रिक्षात घालून एकटीच नेलं.

डॉक्टर चिडले. "इतके दिवस कुठे होतात, बाई?"

तोंडून निघूनच गेलं, "तुम्ही त्याला मारणार म्हणून आणलं नाही."

बैल घेऊन आलेला माणूससुद्धा वळून बघायला लागला. शामरावांच्या हातातला बोळा खाली पडला. "अरे देवा! म्या कवा म्हनलं मारू?"

"झोपवून टाकू म्हणालात ना बाजारात?"

"हो, तं! झोपवल्याबिगर दाढ कशी काढन? चावन ना मले! भुलीचं इंजेक्शन देतो तं जनावर झोपते, म्हनून झोपवनं. मारायचं राह्यलं असतं तं म्हनलो असतो, मोकळा करून टाकू."

सगळा दवाखाना हसला. डॉक्टरही हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, दाढ काढावीच लागेल, नाहीतर विष अंगात पसरेल. पण ह्याचं काळीज थकलेलं आहे, भुलीतून उठेलच असं सांगता येत नाही. "मी साहेबांना हे सगळं सांगितलं होतं. ते बोलले नाहीत तुमच्याशी?"

नाही.

"तुम्हाला काय म्हणाले ते?"

"करून टाका म्हणाले."

रिक्षात रॉ.चं डोकं मांडीवर. शामरावांवरचा संशय गेला. त्यांचा दुसरा शब्द मात्र घरापर्यंत बरोबर आला. मोकळा.

१६ डिसें.

विचारलं शेवटी.

हे म्हणाले, "तुले सांगतलं असतं तं तू नेलंच नसतं त्याले. दुखून राहिलं ना त्याले, दिसत नाही का तुले?"

"आणि पुणं?"

"पुण्याचं काय मधातच?"

"मोकळं झालो म्हणजे येतो, असं तुम्ही शरदला म्हणालात."

"म्हटलं असन," एवढंच. उठून अंगणात गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी मीच ठरवलं, दाढ काढायची. परवा सकाळी.

१७ डिसें.

डॉक्टरांनी बजावलं आहे, रात्रीपासून पोटात काही नको. भूल चढताना उलटी झाली आणि ती छातीत गेली तर जीव जाईल. जेवताना ह्यांना सांगितलं. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या म्हणून पुन्हा सांगितलं. "हं," म्हणाले.

१८ डिसें., सकाळ

आंघोळ करून बाहेर आले तर हे पायरीवर बसलेले, शेजारी रिकामी बशी. रॉ.च्या मिशांना चहा लागलेला.

"काय दिलंत त्याला?"

"कुठं काय."

"मिशांना काय आहे मग?"

"अर्धा टोस्ट. मागून राहिला होता. पाहवलं नाही."

"काल सांगितलं होतं मी."

"काय सांगतलं होतं?"

धोतराच्या सोग्याने रॉ.ची मिशी पुसत होते. हळूहळू, एकेक केस. वर बघितलं नाही. रिक्षावाल्याने फाटकाशी घंटी वाजवली, तसा रॉ. शेपूट हलवत उभा राहिला.

"चाल, उशीर होऊन राहिला," हे म्हणाले.

"आज न्यायचं नाही."

"काहून?"

मी चेहरा निरखून पाहिला. कळलं नाही. इतकी वर्षं पाहिलेला चेहरा.

रिक्षावाल्याला उद्या यायला सांगितलं आहे. डॉक्टरांनाही निरोप पाठवला. आज रात्री रॉ. माझ्या खोलीत राहील. दाराला आतून कडी लावायची की नाही, ते अजून ठरत नाही. ह्या घरात आजवर कधी लावली नाही.