बार्टलीच्या गाडीतून हायकोर्टात

तीर्थरूप फर्गसदादास,

मेयोहून धाकट्या डिम्फनाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? इकडे पाऊस आहे. नसता तर वेगळं कळवलं असतं.

आधी तक्रार. तू आपलं घर विकायला काढलंस त्याबद्दल नाही (त्याकडे वळतेच), तर त्या 'विकणे आहे' पाटीबद्दल. दलालाच्या माणसाने ती नेमकी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ठोकली आहे. रस्त्यावरून कोणाची अंत्ययात्रा चालली आहे हे आता मला रेडिओवर मयतांची नावं वाचतात तेव्हा कळतं. मागच्या आठवड्यात मी एका अख्ख्या मयताला मुकले. लोकांनी मला चर्चमध्ये शोधलं म्हणे. या गावात याहून मोठी बेअब्रू नाही.

तर मी दावा लावला आहे. तुझ्यावर. रागावू नकोस, वकीलबाई म्हणाल्या की दावा मालकावरच लावावा लागतो, आणि मृत्युपत्रात आईने मालक तुला केलं. तिचं दुखणं, औषधं आणि स्वभाव मी काढले, आणि 'हे घर डिम्फनाचं' असं ती तोंडाने बोलली, हे तुला ठाऊक आहे. पण नुसता दावा लावून भागत नाही. डब्लिनला हायकोर्टात जाऊन नोंद करावी लागते की या घराच्या मालकीवर वाद चालू आहे. ती नोंद पाहिली की घेणारा चटका बसल्यासारखा हात मागे घेतो. नोंदीच्या आधी विक्री उरकली, तर मी माझ्या भांड्यांसकट रस्त्यावर.

नोंदीला निघाले त्या सकाळी बस आली नाही. पलीकडच्या शेतातला बार्टली मात्र आला, चक्क रविवारचा सूट घालून.

'डब्लिन?' तो म्हणाला.

'डब्लिन.'

'मग बस की आत. भिजतेस कशाला?'

आपल्याकडे देऊ केलेली गाडी नाकारत नाहीत, आणि कुठे, कशाला हेही विचारत नाहीत. मीच आपणहून सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे चालले आहे. तो म्हणाला, त्याचं चष्म्याचं काम आहे. (चष्मा त्याने जन्मात लावलेला नाही. माझे खरे दात तर आईच्या हयातीतच संपले, आणि ते अख्ख्या गावाला माहीत आहे.) मग आम्ही पाऊस, वासरांचे भाव आणि यंदा वारलेली माणसं यांवर मनसोक्त बोललो. वाटेत मलिंगारला चहा आणि लोणी लावलेले स्कोन घेतले. पैसे कोणी द्यायचे यावरून आमची इतकी झटापट झाली, की शेवटी हॉटेलवालीनेच 'अहो, लोक बघताहेत' म्हणून त्याचे पैसे घेतले. मी हरले.

हायकोर्टात कारकुनाने माझ्या कागदावर अशा चेहऱ्याने शिक्का मारला, जणू मी कुत्र्याचा परवाना काढायला आले होते. संध्याकाळी ठरल्या जागी नदीकाठी बार्टली उभा होता. गाडीत बसलो. लाँगफर्ड गावाशी आल्यावर त्याने तोंड उघडलं.

दादा, घराचं तुझं गिऱ्हाईक बार्टली होता. सही करायला वकिलाकडे गेला, वकिलाने सहीआधी एकदा नोंदी तपासल्या, आणि शाई न वाळलेली माझी नोंद समोर आली. हे त्याने मला असं सांगितलं:

'दात काढला?'

'काढला.'

'दुखला फार?'

'मला नाही.'

'तेच म्हणतो. मला दुखतोय.'

जरा वेळाने मीही विचारलं, 'चष्म्याचं काय झालं?'

'मिळाला की! आता सगळं लख्ख दिसतंय, बाई.' पुढे बराच रस्ता गेल्यावर म्हणाला, 'तू स्वखुशीने शहरात फ्लॅटमध्ये राहायला चालली आहेस, असं मला कळलं होतं. नाहीतर मी त्या घराकडे बघितलं नसतं.' कोणाकडून कळलं, ते मी विचारलं नाही. (आपल्याकडे विचारत नाहीत.) घराशी त्याने मला उतरवलं, आणि दार उघडून आत जाईपर्यंत गाडीचे दिवे माझ्या वाटेवर धरले.

बाकी क्षेम. वहिनींना आल्याचा काढा द्यावा.

तुझी बहीण आणि वादी,
डिम्फना

ता. क. सुनावणी मार्चमध्ये आहे. उतरायला इथेच ये. सख्ख्या बहिणीचं घर असताना (तूर्त 'घर' एवढंच म्हणते) तू हॉटेलात राहिलास, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुझी गादी वाळवून ठेवली आहे. कोर्टात आपल्या दोघांना बार्टलीच सोडणार आहे.

आणखी एक. आई घराबद्दल बोलली, तेव्हा त्या खोलीत तिघंच होतो: ती, मी, आणि टोस्टला लोणी लावणारा तू. ती आता नाही, आणि माझ्या शब्दाला कोर्टात वजन नाही, असं वकीलबाई म्हणतात. न्यायाधीश तुला विचारतील. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, हे मी वकीलबाईंना सांगितलेलं नाही. अजून.

पाकीट चिकटवण्याआधी बार्टलीकडे जाऊन आले. त्या चहा-स्कोनची परतफेड म्हणून रुबार्बच्या आंबट देठांचं एक टार्ट त्याच्या खिडकीत ठेवलं, वर फडकं झाकून. दार वाजवलं नाही. वाजवलं असतं तर त्याने घेतलं नसतं.