यांचा आवाज आणि कम्प्युटरची राखण

११ जानेवारी २००७
दुकान उघडलं. दोन ड्रायव्हर आले, मोबाईलात गाणी भरून घेतली, गेले. भाकरी केल्या. मी खाल्ली का न्हाई ध्यानात न्हाई. ताट धुतलेलं व्हतं, म्हंजे खाल्ली असल.
सुनी म्हणते, माय, आबा गेल्यापासून तू बोलतच न्हाईस, निदान लिही तरी. चौथी शिकलेल्या बाईनं काय लिहावं. पोरीचं तोंड बंद व्हावं म्हणून लिहिलं. झालं.

१९ जानेवारी
गल्लीत हळदीकुंकू. मला आता कोण बोलावतं. मी बी गेले नसते. दुकानात बसले.
एक ड्रायव्हर म्हणला, "मावशी, असं तोंड करून बसल्यावर गिऱ्हाईक कसं येईल?"
म्हणलं, "गाणी कोणती पायजेत ते सांग. तोंड फुकट हाये."

२२ जानेवारी
वाशिमला एका सीडीवाल्याचा कम्प्युटर पोलिसांनी उचलून नेला म्हणे. चोरीची गाणी. सुनीचं तोंड उतरलं. आमची गाणी बी तसलीच, नेटवरून घेतलेली. दिवसभर खाटखुट करून तिनं एक सॉफ्टवेअर बसवलं. विचारलं, हे काय?
"आपण नेटवर गाणी घेतो-देतो ना, तवा समोरच्याला आपल्या कम्प्युटरचा नंबर दिसतो. आयपी म्हणतात. काही लोक नुसते नंबर बघतच बसलेले असतात, कोण काय घेतं म्हणून. हे त्यांचे नंबर वळखतं अन् दारातूनच हाकलतं."
"म्हंजे राखणीचं कुत्रं."
"व्हय. तसंच."
बरं झालं. परक्याची नजर नकोच. आपली मेंढरं किती, हे आमी कधी कुणाला सांगितलं न्हाई. कुणी विचारलं तर हे म्हणायचे, देवाला म्हाईत.

३० जानेवारी
दुपारी लाईट एकदम वाढली. कम्प्युटरातून जळका वास. मेकॅनिक हिंगोलीहून आला, खोलून बघितलं, म्हणला हार्डडिस्क गेली, यातलं काही निघणार न्हाई. नवीन टाकली, सुनीनं राखण बी परत बसवली.
सुनी चुलीपाशी येऊन बसली. "माय, आबांची ओवी त्यातच व्हती."
मी भाकर थापत व्हते. थापली.

३१ जानेवारी
मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. हे पंख्याखाली बसायला दुकानात आले व्हते. सुनीनं माईक पुढं धरला, आबा म्हणा. मेंढरामागं म्हणायचे ती बिरोबाची ओवी यांनी म्हणली. मी आत चहा ठेवत व्हते, स्टोव्हच्या आवाजात काय ऐकू येतंय. ओवी झाल्यावर हे कायतरी बोलले अन् सुनी हसली. चहा घेऊन आले तर दोघं गप.
"काय चाललं व्हतं?"
"काय न्हाई. तुझ्या चुगल्या."
कम्प्युटरात हाये, कुठं पळून जातंय, ऐकू कवातरी. असं म्हणून राहिलं. हे गेल्यावर तर दोघींनी नावच काढलं न्हाई.
आज सुनीला विचारलं, काय बोलले व्हते? तिला आठवत न्हाई. "तुझ्याबद्दल व्हतं माय. चांगलं व्हतं."
चांगलं म्हंजे काय? या माणसानं उभ्या जन्मात मला चांगलं म्हणलं न्हाई. आमटीला बी न्हाई.

५ फेब्रुवारी
सुनी आज कबूल झाली. यांनी तिला बजावलं व्हतं, माझा आवाज बाहेर देऊ नको, मेंढरं मोजून दिल्यावानी वाटतं. तरी पोरीनं ती ओवी नेटवर ठेवली. अन् कुणीतरी घेतली बी. परदेशातला, गुराखी-मेंढक्यांची गाणी जमा करतो म्हणे.
हात उचलला व्हता मी. वरच राहिला. म्हणलं,
"म्हंजे त्याच्याकडं हाये?"
"असल."
"मंग माग."

८ फेब्रुवारी
तो परदेशातला नेटवर दिसतो, पण जोडला जात न्हाई. सुनीनं राखणीची खिडकी उघडून दाखवली. लाल लाल ओळी पडून राहिल्या. हाकललेले नंबर. त्यातला एक तो. तो कॉलेजातून नेट लावतो अन् कॉलेजांचे नंबर बी हाकलायच्या यादीत. त्याचा नंबर रोज बदलतो, त्याला एकट्याला आत घेता येत न्हाई. घ्यायचं तर राखणच बंद करावी लागती.
"मंग बांध कुत्रं."
"अन् आपला कम्प्युटर उचलून नेला तर? दुकान माझ्या नावावर हाये, माय. तुला म्हणायला काय जातंय."
तिचं बी खरं हाये.

१३ फेब्रुवारी
दीर येऊन गेला. मेंढरं त्याच्याकडं दिलेली. म्हणतो, "वैनी, ती म्होरकी मेंढी बराबर चरत न्हाई. दादाच्या हाळीची सवय तिला."
म्हणलं, "चरल. भूक लागली की चरती. मी न्हाई का जेवत?"
चहा अर्धा टाकून गेला.

२१ फेब्रुवारी
सुनी कोऱ्या सीड्या आणायला हिंगोलीला गेली. राखण कुठून बंद व्हती ते तिनं मला सांगितलं न्हाई. पण मला डोळे हायेत. दाबलं. इंग्रजीत कायतरी विचारलं, खरंच का असंच असल. परत दाबलं. लाल ओळी थांबल्या.
मंग त्याच्या नावावर दाबलं, सुनी करती तसं. ओवीला सुनीनं आबा असं नाव दिलेलं, इंग्रजीत. तेवढी अक्षरं मला येतात.
कायच व्हईना. मंग हिरवी पट्टी सरकायला लागली. मुंगीवानी.
समोर धाब्यावर पोलिसांची जीप येऊन थांबली. दोघं उतरले, चहा सांगितला, इकडं बघून राहिले. का नुसतंच बघत व्हते. मी उठले न्हाई. बटणाला हात लावला न्हाई. जीप गेली.
पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली अन् भारनियमनाची लाईट गेली. इन्व्हर्टर कव्हाचाच बंद पडलेला.
सुनी आली तवा अंधाऱ्या कम्प्युटरपुढं बसलेले. म्हणलं, ओवी अर्धी आली.
"माय! तू राखण बंद केलीस?"
"व्हय."
"मला न विचारता?"
"तू बापाला विचारलं व्हतं का, बाहेर ठेवताना?"
पिशवी आपटली अन् आत गेली.

२२ फेब्रुवारी
जेवढी आली तेवढी वाजती. सुनीनं लावली.
आधी यांचा खाकरा. मंग ओवी. मधी ट्रकचा हॉर्न, आमच्याच रस्त्याचा. मागं भणभण. स्टोव्ह तो. म्हंजे मी बी हाये त्यात, चहा ठेवून राहिले. ओवी संपली. हे म्हणले, "सुने, तुझी माय..."
बंद.
सुनी रडली. मला काय झालं न्हाई. म्हणलं, परत लाव.

३ मार्च
तो परत दिसला न्हाई. सुनीनं तिच्या इंग्रजीत लिहून ठेवलंय, जबाब न्हाई. कॉलेज संपलं असल त्याचं. का मेला. माणूस मरतो बी.
सुनी म्हणते राखण लावू. म्हणलं, तो आला अन् दारातून हाकलला तर? मंग तिनं सिनेमाची सगळी गाणी नेटवरून मागं घेतली, फक्त अर्धी आलेली ओवी ठेवली, त्याला दिसावी म्हणून. राखण बंद हाये तवर नवीन गाणी बी घ्यायची न्हाईत, असं ठरलं.

१४ मार्च
नवीन गाणी न्हाईत म्हणून ड्रायव्हर पलीकडच्या दुकानात चालले. सुनी भांडी जोरात ठेवती.
"किती दिवस, माय?"
म्हाईत न्हाई, म्हणलं.

२० मार्च
दुपारी सुनीनं हाक मारली. मला वाटलं तोच. तो न्हाई. दुसराच कोणीतरी, कधी न दिसलेला, आपल्याकडून ओवी घेऊन राहिला व्हता.
"हाकलू का?"
"अर्धीच हाये म्हणून सांग त्याला."
"कोण हाये, कुठला हाये, काय म्हाईत न्हाई माय. पोलीस बी असल."
"पोलिसाला ओवी काहून पायजे? घेऊ दे."
दोघी बघत बसलो. पट्टी भरली. तो गेला.
सुनी म्हणली, "आता कुठं गेले असतील आबा?"
मी म्हणलं, "देवाला म्हाईत."
राखण आज बी लावली न्हाई.